कच्ची राई

आई गेली त्या वर्षी आमच्या घराला धड कूडही नव्हता. कारवीच्या काठ्यांना शेणमाती लिंपून उभी केलेली एक खोली, मागं पडवी, पडवीत चूल. बा मिठागरात कामाला. पावसाळ्यात मिठागरं बंद, म्हणजे मजुरीही बंद, आणि भाताचा जो एक तुकडा होता तो पिकायचा आश्विनात. श्रावणापासून आम्ही कणगीचा तळ खरवडायचो. सकाळी पेज, संध्याकाळी पेज, मधे ओहोटीला खडकावरून काढलेली कालवं. आईला लुगडं एकच होतं. ते धुतलं की वाळेपर्यंत ती पडवीच्या बाहेर यायची नाही, आणि कुणी हाक मारली की आतूनच ओ द्यायची. हे कुणी कीव करावी म्हणून लिहीत नाही. आमच्या आगरी गावात बहुतेक घरं अशीच होती. पुढचं कळायला हे ठाऊक असलेलं बरं, एवढंच.

आता मी चौथ्या मजल्यावर राहते. आमच्या सोसायटीत आश्विन कळतो तो दांडियाच्या लाउडस्पीकरवरून आणि डासांवरून. पण परतीचा पाऊस एकदा पडून गेला, वर कडक ऊन पडलं आणि खाडीकडून वारा फिरला, की चिखलाचा तो खारट, कुजकट वास खिडकीतून आत येतो. शेजारीण नाक धरते. म्हणते, "काय बाई घाण वास मारते ही खाडी!" मी खिडकी उघडी ठेवते. माझ्यासाठी तो भात पिकल्याचा वास आहे. त्या वासात माझी एक बहीण पंधरा दिवसांची होऊन रडत असते.

जासईच्या खाली, उरणच्या अंगाला, खाडीला लागून एक उंचवटा होता. त्याच्यावर गोऱ्यांची थडगी. कंपनी सरकारच्या वेळी जे गोरे पहिल्यांदा इथं उतरले, जकातीचं ठाणं मांडायला आणि दलदलीत बांध घालायला, ते तापानं भराभर मेले आणि तिथंच पुरले गेले, असं जुनी माणसं सांगायची. भोवती दगडी कुंपण, आत वडाच्या पारंब्यांनी उचकटलेले चौथरे. सगळ्यात मोठ्या चौथऱ्यावरच्या मयताला आम्ही थोरला सायब म्हणायचो. समुद्राचं पाणी अडवून शेतं काढणारा तो पहिला, म्हणून बांधाची राखण त्याच्याकडं. पेरणीच्या आधी प्रत्येक घरानं त्याला एक अंडं, एक बिडी आणि पळीभर दारू ठेवायची. दुसऱ्या दिवशी चौथरा साफ. सायबानं घेतलं, बांध टिकणार, म्हणून गाव खूश.

सायबाकडं आणखी एक काम होतं. आमच्या भागातल्या भुतांची वाटणी पक्की होती. पाण्यात बुडवणारा तो गिऱ्हा. लग्नाआधी मेलेला तो मुंजा, तो पिंपळावर. आणि बाळंतपणात मेलेली बाई ती हडळ, सगळ्यांत वाईट, कारण तिचा जीव पोरात अडकलेला, ती घरी परत येणारच. भुतं आमच्याकडं रात्रीची वाट बघत नसत. भर दुपारी, सावली पायाखाली आली की बांधावर एकट्यानं जायचं नाही, हा नियम. तर अशा बायकांना गावाच्या स्मशानात जागा नव्हती. त्यांना थडग्यांच्या कुंपणाला लागून, बाहेरच्या बाजूला पुरायचं. हातात छडी घेतलेला सायब आत उभाच आहे, तो त्यांना आवरतो. पोलीस चौकीशेजारी चोर ठेवावेत तसं हे होतं. लहानपणी मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. त्या बायका म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी होत्या.

दसरा होऊन गेला आणि आई पहाटे बाळंत झाली. मुलगी झाली. ऊन अंगणात येईपर्यंत आई गेली होती. सुईण हात धुऊन म्हणाली, "रगत थांबलाच नाय," आणि मागच्या दारानं निघून गेली. त्यानंतर आमच्या घरात जे चाललं त्याला मी आजही दुसरा शब्द शोधलेला नाही. क्रूरपणा म्हणजे क्रूरपणाच. आईला पुढच्या दारानं नेली नाही. पडवीचा कूड फोडून तिथून काढली, म्हणजे परत येताना तिला दार ओळखू येऊ नये. कुंपणाशी खड्डा खणला होता. भगतानं बाभळीचे काटे आणले होते. ते तिच्या तळव्यांत टोचायचे, चालता येऊ नये म्हणून. काटे भगतानं टोचले. पाय बानं धरले. मयताचे पाय धरायला घरचंच माणूस लागतं, असा रिवाज. मग खड्ड्याच्या चार कोपऱ्यांत मोडक्या मचव्याचे लोखंडी खिळे ठोकले. मी बाच्या तोंडाकडं बघत होते. तसं तोंड मी नंतर कुणाचंही पाहिलेलं नाही, बाचंही नाही.

परत येताना शेवटच्या माणसानं थडग्यांपासून घरापर्यंत राई टाकत यायची. हडळ निघाली की तिला दाणा न् दाणा वेचावा लागतो, तोवर दिवस बदलतो, घर लांबच राहतं. शेवटचा होता माझा काका. राई तव्यावर भाजून घ्यायची असते, कोंब येऊ नये म्हणून. पण मयताच्या घरात त्या दिवशी चूल पेटवायची नाही, हाही रिवाजच. भाजलेली राई शेजाऱ्यानं द्यायची. हडळीच्या कामाला आपल्या चुलीतला विस्तव द्यायला एकही घर तयार झालं नाही. काकानं कुणाला काही न बोलता फडक्यातली राई तशीच टाकली. कच्ची. मी त्याच्या पुढंच चालत होते, वळून बघितलं तेव्हा मला दिसली ती.

पोरीला पाजायचं काम हिराकाकीकडं आलं. ही काकाचीच बायको, तिचा पोरगा तेव्हा अंगावर पीत होता. काकी मनानं दुष्ट नव्हती. एका मांडीवर तिचा गणू, दुसऱ्या मांडीवर ही. म्हणायची, "बग कशी ओढते! हिची आयस पन अशीच खादाड." मला तेव्हा हसू यायचं, आणि आई गेलीय हे आठवून ते अर्ध्यात थांबायचं.

मग परतीचा पाऊस पडला. दोन दिवस सडकून पडला आणि उघडला, वर चार-पाच दिवस कडक ऊन पडलं.

मग एका सकाळी ओरडा झाला, कोण पहिल्यांदा ओरडलं ते माहीत नाही. आम्ही बाहेर आलो तर बांधावरून, थडग्यांच्या कुंपणापासून थेट आमच्या फोडलेल्या पडवीपर्यंत, बोटाएवढ्या कोवळ्या हिरव्या पाल्याची एक ओळ उभी होती. कुठं दाट, कुठं विरळ, पण तुटलेली नाही. चालत आलेल्या माणसाची वाट असते तशी. इतकी हिरवी, इतकी देखणी गोष्ट मी त्या वर्षात दुसरी पाहिली नाही, आणि सगळं गाव तिच्याकडं बघून कापत होतं.

"आली गो, आली!" कुणीतरी म्हातारी ऊर बडवायला लागली. "पोरीसाठी आली!"

मी म्हणाले, "राई कच्ची होती. आमची चूल पेटली नव्हती. काकाला विचारा."

काकानं माझ्याकडं बघितलं आणि सगळ्यांसमोर थोबाडीत दिली. भगत हसला. "मास्तरीण झाली ही! खाऱ्या मातीत रायी उगवंल? तुज्या बापान कवा लावलीती?"

बरोबर होतं त्याचं. खाऱ्या मातीत राई उगवत नाही. पण बांधाच्या माथ्यावरची माती चार महिन्यांच्या पावसानं धुऊन गोडी झालेली असते. त्याच गोड्या पाण्यावर तर आमचं भात पिकायचं. भगताला हे ठाऊक नव्हतं असं नाही, तिथं उभ्या असलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक होतं. पण त्या सकाळी हडळीवर विश्वास ठेवणं सगळ्यांना सोपं होतं. काकाला तर फारच सोपं होतं.

भगतानं निकाल दिला. हडळ येऊन गेली, तिनं पोरीला पाजलं, पोरगी आता तिची. गावातल्या कुठल्याही बाईनं तिला हात लावला तर तिचं दूध आटणार आणि तिची स्वतःची पोरं मरणार. काकीनं गणूला पोटाशी घट्ट धरलं. माझ्या बहिणीला तिनं जमिनीवर ठेवलं आणि पायानं, हो, पायानं माझ्याकडं सरकवली.

भुकेलं मूल आधी जोरात रडतं. मग बारीक. मग नुसतं तोंड उघडतं. मी फडक्याचा बोळा पेजेत बुडवून तिच्या तोंडात पिळत होते, ती ओकत होती. एकेका दारात जाऊन उभी राहिले. "पाजू नका, नुसतं वाटीत पिळून द्या," म्हणाले. दारं लागली. ज्या सुईणीनं तिला बाहेर काढली ती म्हणाली, "नको गो बाय आमच्या दारात, आमची पन पोरां हायत. जाऊ दे तिला, आयसच्या कडं जाईल. आयसच्या कडं गेलेला बरा." तिनं ते मायेनं सांगितलं. ती माया मला आजही सोसत नाही.

बा कुडाला टेकून बसला होता. म्हणाला, "कशाला फिरतेस? गावाच्या इरोदात मना काय करता येल?"

मी पोरीला उचललं आणि निघाले. भर दुपार होती, मुद्दाम नव्हे, तेव्हाच तिचा आवाज बंद झाला म्हणून. राईच्या त्या हिरव्या ओळीवरूनच चालत गेले. गावातली माणसं अंगणात येऊन बघत होती, पण मागं कुणी आलं नाही. हडळीची भीती त्या दिवशी माझ्या कामाला आली.

थडग्यांच्या मागं एक कातकरी कुटुंब झोपडी टाकून होतं. नवरा कोळसा पाडायचा, बाईचं नाव ठकी. तिला तान्हं मूल होतं, एवढं मला दुरून माहीत होतं. मी कुंपणातून आत शिरले तर ठकी थोरल्या सायबाच्या चौथऱ्यावर पाय पसरून बसलेली, मूल मांडीवर, तोंडात बिडी.

"कोनाची गं तू?"

मी सांगितलं. आई बाहेर पुरलीय तीच, हेही सांगितलं. म्हटलं, भगत म्हणतो हिला हात लावला की दूध आटतं.

"आन हिकडं," ती म्हणाली. बिडी तिनं दगडावर विझवून कानाला खोचली. आधी बोटावर दूध पिळून ओठांवर लावलं, गालाला टिचकी मारली, पुन्हा लावलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग माझ्या बहिणीनं गिळलं. गिळल्याचा आवाज आला. मी त्या मेलेल्या गोऱ्यांच्या मधे बसून इतकी रडले की ठकी वैतागली.

"गप की आता! पीतंय की ते."

"तुला सायबाची भीती नाही वाटत?"

"कशाची? बरा हाय बिचारा. गावचे लोक त्याला अंडी देतात, बिड्या देतात. तो खात नाय. मंग आमी खातो." आणि ती हसायला लागली. "लई गुनी सायब. कदी तक्रार नाय."

पिढ्यान्‌पिढ्या सायबानं स्वीकारलेला नैवेद्य कुठं जात होता, ते मला त्या दुपारी कळलं. मी गावात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ठकीला त्यांनी तिथंच मारलं असतं.

त्या हंगामात माझी बहीण थडग्यांत वाढली. सकाळी तिला ठकीकडं द्यायची, ऊन उतरताना आणायची. मधल्या वेळात मी आणि बा भात कापायचो. आमच्याकडं कापणी एकट्याची नसते. आज तुझ्या शेतात सगळे, उद्या माझ्या शेतात सगळे. त्या वर्षी आमच्या शेतात कुणी आलं नाही. शेजारच्या तुकड्यात काका-काकी कापत होते, गाणी चालली होती, आणि मधल्या बांधावरून एक हाक नाही. पिकलेलं भात उभं राहिलं की दाणे गळतात. आमचे गळले. पाखरांचे थवे आमच्याच तुकड्यावर उतरायचे, आणि पलीकडून पोरं ओरडायची, "हडलीचा भात! खा रं खा!" बा मान वर न करता कापत राहायचा. एकदाच थांबला आणि मला म्हणाला, "मी पाय धरलं तवा गरम होतं अजून." एवढंच म्हणून पुन्हा वाकला. मी पेंढ्या बांधत राहिले.

कार्तिक संपता संपता गावाला ठकीचं कळलं. माणसं काठ्या घेऊन गेली. झोपडी मोडली, कोळशाची भट्टी विस्कटली, सायबाची जागा बाटवली म्हणून नवऱ्याला झोडपलं. मी पोचले तेव्हा ठकी डोक्यावर बोचकं घेऊन निघाली होती. कपाळातून रक्त येत होतं. माझ्या बहिणीला तिनं वडाच्या सावलीत, कापडावर, नीट पाजून निजवलं होतं. "आता गाईचं दे, पानी घालून," म्हणाली. "दात आलं की पेज." कर्जतच्या बाजूला जातो म्हणाले ते. पुढं मी शिकले, नोकरी लागली, कर्जतच्या बाजूच्या किती वाड्यांवर विचारत फिरले. ठकी नावाच्या पुष्कळ बाया भेटल्या. ती नाही.

बहिणीचं बारसं झालं नाही. बारशाला बायका लागतात. मीच तिला पारू म्हणायला लागले, आणि तेच नाव राहिलं.

लोक मला विचारतात, त्या काळात, त्या गावातून, एक मुलगी कॉलेजपर्यंत पोचली कशी? वडील पुढारलेले असतील. नव्हते. मी फार हुशार होते असंही नाही. हडळीच्या घरातली म्हणून मला मागणी आली नाही. माझ्या वयाच्या मुली एकेक करून सासरी गेल्या. बा एके दिवशी म्हणाला, "तुना आता कोन करनार? जा, शाळंत तरी जा." गावातली सातवी आई असतानाच झाली होती, म्हणून मी पुढच्या शाळेला जासईपर्यंत चालत गेले, मग उरणला, मग मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँचनं मुंबईला, वसतिगृहात. गावानं माझं लग्न मारलं आणि त्यातून पदवी निघाली. त्याबद्दल मी गावाचे आभार मानलेले नाहीत, मानणारही नाही.

कॉलेजात असताना एका आश्विनात पारूला घेऊन थडग्यांवर गेले. ती तेव्हा सात-आठ वर्षांची. राईचं अर्थातच काही उरलं नव्हतं. आत, थोरल्या सायबाच्या डाव्या अंगाला एक लहान दगड होता. गावात त्या जागेला मडमिणीची जागा म्हणायचे. मडमीण दुपारी पांढऱ्या झग्यात फिरते, कडेवर पोर असतं, आणि दिसेल त्या बाईला म्हणते, याला धर. धरलं की बाई गेली. मी शेवाळ खरवडून दगड वाचला. माझ्यापेक्षा लहान होती ती. बाळंतपणात गेली, आणि तिचं मूलही त्याच दिवशी. दोघांना एकाच दगडाखाली ठेवलं होतं, आणि दगडावर लिहिलं होतं, प्रिय पत्नी.

"काय लिवलाय?" पारूनं विचारलं.

मी वाचून दाखवलं.

"हिच्या पायात काटे होते?"

"नाही."

"का?"

काटे टोचायला गाव लागतं, आणि ती बिचारी परक्या मुलखात मेली, तिला गाव कुठून असणार. पण हे पारूला सांगून काय होणार होतं? तिचं आयुष्य त्याच गावात चाललं होतं. पोरं तिला शिवायची नाहीत. विहिरीवर तिच्या घागरीत पाणी वरून ओतायचे. लगोरीत ती नेहमी बाहेर उभी राहून चेंडू आणून द्यायची, आणि चेंडू हातात न देता जमिनीवर ठेवायची. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या आणि बाच्या हाताखेरीज माणसाचा हात अंगाला कसा लागतो, हे तिला माहीत नव्हतं. एकदा मी तिची वेणी घालत होते तर म्हणाली, "हळूहळू घाल ना. लवकर संपते."

मी बी.ए. झाले. निकाल गावात पोचला तेव्हा गावाला अचानक मी आपली वाटायला लागले. देवळासमोर मांडव घातला. पाटी लावली, फेटे बांधले, मला खुर्चीवर बसवली. ज्यांनी दारं लावली त्यांनी हार आणले. सरपंच म्हणाले, "आमच्या लेकीना गावाचा नाव काडला." मी ऐकून घेतलं. मग ओवाळायला पाच सवाष्णी पुढं आल्या, आणि पहिली होती हिराकाकी. पारू मांडवाच्या बाहेर, खांबाशी उभी होती. माझाच जुना परकर, कमरेला गुंडाळून आखूड केलेला.

मी म्हणाले, "आधी पारूला."

काकीला कळलं नाही, किंवा कळलं. "काय गो?"

"पारूला आधी कुंकू लाव. ओवाळ. मग मला. नाहीतर हा सगळा मांडव सोडा, मी निघाले लाँच गाठायला."

मांडवात कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "शिकली का शिंगा फुटली." गणू, तोच गणू, आता चांगला दांडगा झालेला, पुढं येऊन ओरडला, "आये, तू नको लावू! मी मरंन!" बायका मागं सरकल्या. भगत म्हातारा झाला होता, पण बसला होता पुढंच. तो सगळ्यांच्या तोंडाकडं बघत राहिला.

मी खुर्चीतून उठले. काकीच्या कानाशी जाऊन हळू आवाजात म्हटलं, "काकी, पंधरा दिवस पाजलंयस तू तिला. तुझं दूध आटलं होतं का?"

काकीनं ताटातल्या कुंकवात बोट बुडवलं. गणू तिचा पदर ओढत होता. मग तिनं त्याचा हात झटकला, खांबापर्यंत चालत गेली आणि कुंकवाचं बोट पारूच्या कपाळाला टेकवलं. पारूनं डोळे मिटून घेतले, मार बसणार असल्यासारखे. ते बोट काकीनं लगेच पदराला पुसलं. मी पाहिलं. पण लावलं.

त्या दिवशी गावातल्या बाईनं माझ्या बहिणीला हात लावला. ती नऊ वर्षांची होती.